सी-व्ह्यू प्लॉट आणि आपलं वावर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही जरा चिडून. आधीच सांगून ठेवतो, हे वाचून घरातले दोन-चार जण माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. चालेल.

विषय आहे समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लॉटचा. वर्धेकराने समुद्रावर लिहावं म्हणजे गंमतच. आमच्याकडे पाणी म्हणजे धाम, वणा, यशोदा, नाहीतर बोर धरण. पण सध्या आमच्या गोतावळ्यात कोकणातल्या 'नियोजित बीच टाउनशिप'ची जाहिरात फिरतेय. क्लबहाऊस आहे, योगासाठी हिरवळ आहे, पोहण्याचा तलाव आहे (शेजारी अख्खा समुद्र असताना तलाव कशाला, देव जाणे), आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: 'सर्वसामान्यांना परवडणारं, आणि पाच वर्षांत दुप्पट!'

माझं भांडण ह्या एका वाक्याशी आहे. परवडणारं आणि पाच वर्षांत दुप्पट, ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्लॉटबद्दल फार काळ खऱ्या राहू शकत नाहीत. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे 15 टक्के वाढ. आज 30 लाखांचा प्लॉट धरा. ह्या गतीने तो दहा वर्षांनी सव्वा कोटीच्या आसपास जाईल आणि वीस वर्षांनी 4 कोटी 80 लाखांचा होईल. तुमचा पगार ह्या गतीने वाढलाय? माझा तर नाही :-) मग वीस वर्षांनी तो प्लॉट कुणाला परवडेल? आपल्याच पोरांना परवडणार नाही. ज्याला आपण गुंतवणूक म्हणतो, ते पुढच्या पिढीला घातलेलं कुंपण असतं.

आणि ज्यांच्या गावात ही टाउनशिप उभी राहते त्यांचं काय? रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती. तीस लाखांना 312 ने भागा. 9,615 दिवस येतात. म्हणजे एकही सुट्टी न घेता आणि एक पैसाही न खर्चता 26 वर्षं राबायचं, आणि तेही भाव आजच्यावरच थांबला तर. त्या गावच्या पोराला टाउनशिपमध्ये जागा मिळेल ती फाटकावर, शिट्टी घेऊन.

बरं, हा वाढलेला भाव येतो कुठून? प्लॉटवाल्याने तर नुसतं तारेचं कुंपण घातलेलं असतं. अलिबागचंच बघा. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. जवळपास 22 किलोमीटरचा पूल, खर्च 17,800 कोटींच्या वर. अलिबाग जवळ आलं आणि जमिनी महागल्या. म्हणजे पूल झाला सगळ्यांच्या पैशातून, वाळू आणि लाटा तर कुणाच्याच बापाच्या नाहीत, आणि भाव चढला तो प्लॉटवाल्याच्या खिशात गेला. ह्याला कर्तबगारी कशी म्हणायची?

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 'सीसाइड' नावाचं गाव आहे. 1998 चा 'द ट्रुमन शो' हा सिनेमा तिथेच चित्रित झाला. रॉबर्ट डेव्हिस ह्या गृहस्थाने आजोबांच्या 80 एकर जागेवर 1981 पासून ते वसवलं. लाकडी घरं, समोर व्हरांडा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, अशी सुंदर आखणी. सुरुवातीला तिथले प्लॉट साधारण 15 हजार डॉलरच्या घरात विकले गेले. आज तिथलं घर कित्येक लाख डॉलरचं आहे आणि बरीच घरं सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने दिली जातात. हेतू चांगला होता, आखणीही उत्तम होती. पण भावाला लगाम नव्हता, आणि नुसत्या आखणीने भाव आवरत नाहीत. उलट जितकी आखणी सुबक तितका भाव चढा.

आपल्याकडे गोवा आहेच. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे एकाहून जास्त घर रिकामं सापडलं होतं. एकीकडे कुलूपबंद घरं, दुसरीकडे गावातल्याच माणसाला घर मिळत नाही. कुलपाला समुद्र दाखवून काय मिळतं?

आता आपल्या दाराशी या. समृद्धी महामार्ग आमच्या सेलू-आर्वी भागातून जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. दुसरा तो शक्तिपीठ महामार्ग. 24 जून 2025 ला मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली तेव्हाची आखणी होती पवनार ते पत्रादेवी, 802 किलोमीटर. म्हणजे एक टोक विनोबांच्या पवनारला आणि दुसरं गोव्याच्या वेशीवर! कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले, आणि आमच्याकडे मात्र पहिला प्रश्न काय, तर 'रेट कितीने वाढंल?'. ज्या पवनारच्या माणसाने 1951 पासून पायी फिरून देशभरात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मागून आणली, त्याच्या गावाचं नाव आता लेआउटवाल्यांच्या तोंडी.

आणि आता घरातलं. आमच्या मामांनी सेलूकडचं साडेतीन एकर वावर विकून कोकणात प्लॉट घ्यायचं मनावर घेतलंय. विसार अजून दिलेला नाही, म्हणून तर हे घाईने लिहितोय. मामा, तुमचा राग मला कळतो. कपाशीचा भाव, सोयाबीनवरची रोगराई, रानडुकरं, सगळं मान्य. 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं त्यात आपला वर्धा होता, तो उगाच नव्हता. शेत विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पण विकून काय घेताय ते बघा.

वावरातून कमी का होईना, दरवर्षी काहीतरी येतं. रिकाम्या प्लॉटमधून काहीच येत नाही, उलट देखभालीचा खर्च द्यावा लागतो. सातबाऱ्यावरचं नाव एकदा गेलं आणि दुसरीकडे शेती उरली नाही, की पुन्हा शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या मागे लागा. किनाऱ्यावर सीआरझेड आहे. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, दाट वस्तीच्या ठिकाणी 50 मीटर. ही रेषा जाहिरातीतल्या चित्रात नसते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेही चित्रात नसतं. निदान महारेराचा नोंदणी क्रमांक तरी स्वतः तपासा. 500 चौरस मीटरवरच्या प्लॉटिंगला तो लागतोच.

कुणी म्हणेल, मग काय प्रगती थांबवायची? बाहेरच्यांना बंदी घालायची? नाही. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ज ह्या किनाऱ्यावरच्या गावाने 2016 मध्ये मतदान घेऊन नव्या घरांत 'दुसरं घर' घ्यायला बंदी केली. झालं असं की नवी बांधकामं मंदावली आणि सुट्टीवाले जुन्या घरांकडे वळले. नुसत्या बंदीने भागत नाही.

मग भागतं कशाने? माझ्या मते दोन गोष्टींनी. मोठ्या गृहप्रकल्पांत 20 टक्के लहान घरं किंवा प्लॉट अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची अट आपल्या राज्यात 2013 मध्ये आली, पण ती दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरपालिकांपुरती. गुहागर-दापोली त्यात बसत नाही आणि आमचं सेलूही नाही. ती अट प्रत्येक मोठ्या टाउनशिपला लावा, आणि ती घरं पुन्हा विकताना भावाला मर्यादा घाला, नाहीतर तीही दलालांच्या हाती जातील. दुसरं, पाच वर्षं रिकामा ठेवलेल्या प्लॉटवर सणसणीत कर लावा आणि तो ग्रामपंचायतीला द्या. ज्याला खरंच राहायचंय त्याला ह्याचा त्रास नाही. त्रास होईल तो फक्त भाव वाढायची वाट बघत बसलेल्याला.

परवडणारं घर कसं असतं हे शिकायला वर्धेकराला कोकणात जायची गरजच नव्हती. गांधीजी 1936 मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले ते माती-बांबू-कवेलूच्या घरात. लॉरी बेकर सांगत की, घर पाच मैलांच्या आतल्या सामानातून उभं राहावं ही शिकवण त्यांना गांधीजींकडून मिळाली. 1976 साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्वस्त घरांवर, कुंभाराच्या हातच्या मातीच्या शंकूंपासून बनणाऱ्या छतावर काम केलं. त्या घराची किंमत पाच वर्षांत दुप्पट होत नाही. म्हणूनच ते परवडतं!

असो. मामा, विसार द्यायच्या आधी एक फोन करा. मामींना कोकण बघायचंच असेल तर आठ दिवस सगळे मिळून जाऊन येऊ, मासे खाऊ, लाटांत भिजू. समुद्र बघायला सातबारा लागत नाही. आणि बाकीच्यांनो, माझं कुठे चुकतंय असं वाटलं तर हिशेबासकट सांगा. 'तुला काय कळतं' हे सोडून काहीही चालेल.