बाबागाडीची ऑन-रोड किंमत

मेकॅनिकलला असण्याचा एक तोटा असा, की घरात ज्या ज्या वस्तूला चाक, स्क्रू किंवा मोटर आहे ती ती आपोआप आपल्या खात्यात जमा होते. मिक्सर बिघडला, विचारा हिला. पंखा कुरकुरतोय, हिला सुट्टी लागू दे. या मे महिन्यात आमच्या ताईला मुलगी झाली, मी मावशी झाले, आणि बारशाच्या आधीच घरातून फर्मान निघालं : बाबागाडी कुठली घ्यायची ते तू ठरव, तू इंजिनिअर ना! (अजून दोन वर्षं आणि एक केटी बाकी आहे, पण ते घरच्यांना कोण सांगणार?)

हॉस्टेलवर हा विषय काढला तेव्हा रूममेट म्हणाली, "हा काय मॅगझिनचा विषय आहे का?" माझं मत आहे की आहे. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेवढं सांभाळून घ्या.

आधी घरातले पक्ष सांगते. आई म्हणते, गाडी कशाला, तुम्हा दोघींना मी कडेवरच वाढवलं. आजीला त्या पांगुळगाड्याची आठवण येते, लाकडी, तीन चाकांचा. पण तो चालायला शिकणाऱ्या मुलाने ढकलायचा असतो, मुलाला बसवून न्यायचा नसतो, त्यामुळे आजीचं मत बाद. जिजूंना आवडली ती 'थ्री-इन-वन' : सीट उलटी-सुलटी फिरते, कारसीट त्यातच बसते, वर कॉफीचा मग ठेवायला जागा. वजन बारा किलोच्या वर आणि किंमत आमच्या बजेटच्या तिप्पट. त्यांच्याकडे कार नाही, पण "पुढेमागे घेऊच की"! आमचं बजेट पाच हजार, त्यात माझ्या स्टायपेंडचे दीड.

या सगळ्यांत एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. गाडी ढकलणार कोण आणि कुठे?

ताई राहते डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ताईची त्यातली तीन आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेली, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं होतंय तोवर ती पुन्हा लोकलमध्ये. जिजूंची शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते. याचा अर्थ रोज सकाळी ताई एकटी, कडेवर सात किलोचं बाळ, खांद्यावर स्वतःची पर्स आणि डबा, दुसऱ्या खांद्यावर बाळाची बॅग, आणि उरलेल्या एका हातात गाडी. ती गाडी घेऊन छत्तीस पायऱ्या खाली. मग सातशे मीटर चालत पाळणाघर. तिथे बाळ सोडायचं, गाडीही सोडायची, आणि स्टेशनकडे पळायचं. संध्याकाळी हेच उलट, फक्त जिना चढायचा.

आता तुम्ही सांगा, यात कॉफीचा मग कुठे बसतो?

दुकानात, जाहिरातीत सगळं बोलणं चालतं ते बाळाच्या आरामाबद्दल. बाळ आरामात पाहिजेच, पण पाच महिन्यांचं बाळ त्या गाडीत रोज वीस मिनिटं बसणार आहे. जिन्यावर ती गाडी उचलणारी बाई मात्र हिशेबातच नाही. मला वाटतं आपल्याकडे बाबागाड्या मोठ्या थाटात घेतल्या जातात आणि मग बाल्कनीत उभ्या राहून कपडे वाळत घालायच्या कामाला येतात, त्याचं कारण हेच आहे. गाडी वाईट नसते. ती एकट्या बाईला घराबाहेर काढता येत नाही, एवढंच.

आपल्या लाइनमधल्या एका माणसाला हे फार पूर्वी कळलं होतं. ओवेन मॅकलॅरेन, ब्रिटिश एरोनॉटिकल इंजिनिअर, स्पिटफायर विमानाच्या अंडरकॅरेजवर काम केलेला. निवृत्तीनंतर त्याने पाहिलं की परदेशातून आलेल्या मुलीची नातवंडासाठीची गाडी प्रवासात किती अवजड पडते. विमानाची चाकं पोटात दुमडून कशी घ्यायची हे त्याला ठाऊकच होतं. त्याने १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी डिझाइन केली. वजन तीन किलोच्या आत! आज ज्याला 'अम्ब्रेला फोल्ड' म्हणतात ते सगळं तिथून आलं. मला यातली गंमत ही वाटते, की त्याने सोडवलेला प्रॉब्लेम बाळाचा नव्हताच, बाळाला घेऊन प्रवास करणाऱ्या आईचा होता. याच कंपनीच्या नावाने दुसराही धडा आहे. २००९ मध्ये अमेरिकेत तिच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला, कारण गाडी उघडताना बाजूच्या बिजागरीत बोट सापडून लहान मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून दुकानात गाडी उघडताना सगळे सीटचं कापड बघतात, तेव्हा तुम्ही बिजागरी बघा. तिच्यावर कव्हर आहे का? लॉक एकच आहे की दोन?

आता मोठ्या चाकांचा मुद्दा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आपल्या रस्त्यांना मोठं चाक पाहिजे." ऐकायला पटतं. पण फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी तो रोलरचा सम सोडवलाय (किंवा पाठ केलाय) : पायरीला टेकलेला रोलर वर चढवायला किती बल लागेल? बाबागाडीचं पुढचं चाक म्हणजे तोच रोलर. सहा इंची चाक धरा, त्रिज्या ७५ मिलिमीटर. वर आलेला पेव्हर ब्लॉक ४० मिलिमीटर. आडवं ढकलून चढवायचं तर चाकावर जेवढा भार, त्याच्या जवळजवळ १.९ पट बल लागतं. दहा इंची चाकाला १.१ पट. म्हणजे दुकानदार बरोबर!

थांबा पण. फूटपाथची कडा केवढी असते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी. असावी, हं! आता पायरीची उंची त्रिज्येइतकी किंवा जास्त झाली की आडवं ढकलून चाक चढूच शकत नाही, कितीही जोर लावा. दहा इंची चाकाची त्रिज्या १२५. ते पण नापास. म्हणजे फूटपाथ आला की मोठं चाक असो की छोटं, हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलायचीच आहेत, नाहीतर गाडी वळवून मागच्या चाकांवर ओढून घ्यायची आहे. आणि उचलायचंच आहे, तर मग हलकी गाडी बरी की जड? माझं उत्तर हलकी. ज्यांच्या सोसायटीत लिफ्ट आहे, आत गुळगुळीत ट्रॅक आहे, त्यांनी मोठी चाकं खुशाल घ्यावीत. त्यांचा सम वेगळा आहे.

हलक्या गाडीला तोटे आहेत, ते लपवत नाही. हँडलला भाजीची पिशवी अडकवली आणि बाळाला उचललं की चार-पाच किलोची गाडी मागे उलटते. मागच्या ॲक्सलभोवती मोमेंट घेऊन बघा, दोन ओळींत उत्तर येतं. बाळ आत असताना उलटली तर काय, हा विचार करूनच पिशवी खालच्या जाळीत ठेवायची, हँडलला नाही. दुसरं, बऱ्याच छत्री-गाड्यांची पाठ पुरती आडवी होत नाही. ज्या बाळाची मान धरलेली नाही त्याला त्यात बसवू नये. पण पहिले काही महिने ताई आमच्याकडे माहेरीच होती, बाळाला कडेवर घ्यायला दहा हात होते, गाडीची गरज कोणाला होती? बाळ जन्मायच्या आत गाडी घ्यायची घाई कशासाठी असते, मला खरंच कळत नाही.

ऊन हा आणखी एक विषय. आपल्याकडे बाळाला ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी पसरायची फार सवय. आत हवा खेळत नाही आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं. टप मोठा असलेली आणि पाठीला जाळी असलेली गाडी घ्या, ओढणी गळ्यातच राहू द्या. कापड सुटं होऊन धुता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी.

मी दुकानात जाताना सात किलो तांदूळ पिशवीत भरून नेला. आई बाहेरच थांबली, तिला लाज वाटली. तांदूळ कडेवर धरायचा आणि एका हाताने गाडी मिटायची, उचलायची, दहा पायऱ्या चढून यायचं. पहिल्या चार गाड्या यात बाद झाल्या, त्यातली एक 'वन हँड फोल्ड' लिहिलेली होती. त्या एका हातासोबत बहुतेक एक गुडघा आणि एक नवरा पण लागतो. पाचवी मिटली. पाच किलोच्या जरा आत, पाचही पट्ट्यांचा बेल्ट, मिटल्यावर भिंतीला टेकून उभी राहते, म्हणजे पाळणाघरात कोपरा पुरेल. चार हजार दोनशे. चाकं छोटीच आहेत, आणि हँडल ताईच्या उंचीला दोन बोटं कमी पडतं. हे तिला सांगून घेतलं.

जिजू थोडे नाराज झाले. "लोक काय म्हणतील, पहिल्या मुलीला अशी साधी गाडी?" त्यांना मी बारा किलोचा आकडा आणि छत्तीस पायऱ्या एका कागदावर लिहून दिल्या. मग ते रविवारी स्वतः शेजाऱ्यांची जड गाडी एकदा वर घेऊन गेले. आता गप्प आहेत.

सातशे मीटरपैकी फूटपाथ किती आहे तेही सांगते, कारण मी चालून मोजलं. सलग असा दोनशे मीटरसुद्धा नाही. उरलेल्यात टपऱ्या, लावलेल्या बाइक, एक उघडं चेंबर आणि एक ट्रान्सफॉर्मर. तिथे ताईला रस्त्यावरूनच जावं लागणार, रिक्षांच्या सायलेन्सरच्या उंचीवर बाळाचं नाक ठेवून. हे कुठल्याच दुकानातली गाडी सोडवू शकत नाही, चाळीस हजारांचीही नाही. सिव्हिलवाल्यांनो, तुम्ही पुढे महापालिकांत जाल, टेंडरं काढाल. ड्रॉइंगवर फूटपाथच्या दोन्ही टोकांना उतार काढला जातो, तो जागेवर उतरेल एवढं बघा. व्हीलचेअरला पण तोच लागतो आणि मेसच्या सिलिंडरच्या ट्रॉलीला पण.

विषय निघालाच आहे तर एक काम. आपल्या मेसच्या मावशींच्या सुनेला गेल्या महिन्यात मुलगा झाला. त्यांची खोली तळमजल्यावर आहे, दारापासून गेटपर्यंत कॅम्पसचा सपाट रस्ता, म्हणजे तिथे मोठ्या चाकांची जड गाडी एकदम चालेल. स्टाफ क्वार्टर्समध्ये कोणाच्या माळ्यावर तशी गाडी पडून असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात कळवा. ब्रेक, बेल्ट आणि बिजागऱ्या मी आणि वर्कशॉपचे सर तपासून घेऊ. बेअरिंगला ग्रीस आमच्याकडून.