बसायचे कोणी?

२०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला ‘आयकिया’ या स्वीडिश कंपनीचे प्रचंड दालन उघडले. तेव्हापासून युरोपीय घाटाच्या खुर्च्या, दिवे व मेजे यांचे आकर्षण सांगली-मिरज-कुपवाडच्या नव्या बंगल्यांतूनही दिसू लागले आहे. आपले काही साथी यावर ‘विदेशी चैन’ असा शिक्का मारून मोकळे होतात. ही टीका सोपी आहे, आणि चुकीचीही.

कारण या साध्या, निरलंकार वस्तूंचे कुळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले नव्हे. १८५९ साली मिखाएल थोनेटने वाफेवर लाकूड वाकवून जी खुर्ची केली ती सहा तुकडे, दहा स्क्रू व दोन नट यांची होती. एक घनमीटर पेटीत अशा छत्तीस खुर्च्या मावत. मुंबईच्या इराण्याकडे चहा घेणारा गिरणीकामगार याच जातीच्या खुर्चीवर बसत आला. १९१९ साली वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउसचे संचालक हान्नेस मायर यांनी तर चैनीच्या गरजांऐवजी जनतेच्या गरजा हेच ब्रीद मानले. डाव्या विचारांपायी १९३० साली त्यांना काढून टाकण्यात आले, आणि १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली संस्थाच बंद पडली. फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी १९२६ साली आटोपशीर स्वयंपाकघराचा आराखडा करणारी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की पुढे हिटलरच्या तुरुंगात गेली. आज ‘मॉड्युलर किचन’ची जाहिरात करणाऱ्यांना तिचे नावही ठाऊक नसावे!

तेव्हा तक्रार खुर्चीविरुद्ध नाही. जनतेसाठी घडलेली वस्तू भांडवलशाही प्रतिष्ठेचे चिन्ह करून विकते, तक्रार त्याविषयी आहे. चंदीगडचे उदाहरण घ्या. पिएर जानरे यांनी सरकारी कारकुनांसाठी सागवान व वेताच्या खुर्च्या आखल्या. आपण त्या भंगारात काढल्या. व्यापाऱ्यांनी उचलल्या, आणि पॅरिस-लंडनच्या लिलावांत त्यांना लाखोंचे मोल आले. २०११ साली केंद्र सरकारला बंदीचा आदेश काढावा लागला. कारकून मात्र बसला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

आणि आपल्या जिल्ह्याला हे सारे नवे कशासाठी वाटावे? किर्लोस्करवाडीत नांगर व पंपांच्या जोडीने लोखंडी फर्निचरही बनत असे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आज ओतकाम आहे, यंत्रकाम आहे, हात आहेत.

पण त्या वसाहतीतील कामगार पाळीभर उभा असतो. उभ्याने काम करणाऱ्यास मधल्या फुरसतीत टेकता यावे म्हणून बैठकीची सोय करावी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमाने मालकांवर बंधन घातले होते. किती शेडमध्ये ती बैठक दिसली? शहरातील फर्निचरच्या दालनात दिवसभर खुर्च्यांची स्तुती करणारी विक्रेती मुलगीसुद्धा उभीच असते. तिच्यासाठी त्यातली एकही नाही. केरळात कोझिकोडच्या स्त्री-कामगारांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला, तेव्हा २०१८ साली तेथील सरकारने दुकानविषयक कायदा बदलून बसण्याचा हक्क मान्य केला. २०२१ साली तामिळनाडूनेही तेच केले.

कुपवाड शाखेने प्रथम शेडनिहाय पाहणी करावी: कामगार किती, बैठका किती. मग तो तक्ता घेऊन कारखाना निरीक्षकाकडे आणि मालकांच्या संघटनेकडे जावे. बैठक कशी असावी हे कामगारांनाच विचारावे, आणि ती याच वसाहतीत बनवून घ्यावी.