चैत्रातील पाहुणे

फाल्गुन सरत आला की शहरात राहणारे भाऊबंद, माहेरवाशिणी आणि त्यांची मुलेबाळे गावाकडे येऊ लागतात. रब्बीच्या काढणीची घाई पुरती संपलेली नसते, मजूर वेळेवर मिळत नाही, आणि अशा वेळी घरात पाहुण्यांची वर्दळ! ही मंडळी कैऱ्या खायला तेवढी येतात, असा सूर मग घराघरातून निघतो. तो समजण्याजोगा असला तरी सर्वस्वी रास्त नव्हे.

वसंतातील शेताचे सुख खोटे नाही. देशावर या दिवसांत पळस पानांवाचून फुललेला असतो. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते आणि पाठोपाठ बारीक पांढरा फुलोरा येतो. पाडव्याला त्याची कोवळी पाने गूळ व भिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर खाण्याची रीत आहे. सकाळच्या गारव्यात कांदा काढलेल्या रानाचा उग्र वास, कडब्याच्या गंजीची सावली, पंपाच्या धारेखाली डोके धरून ओरडणारी पोरे, दुपारी चिंचेखाली कैरीचे पन्हे. शहरात दाम मोजूनही हे लाभत नाही. (मळणीयंत्राच्या पट्ट्याजवळ मात्र या पोरांना कदापि जाऊ देऊ नये.)

परंतु या भेटीचे खरे मोल निराळेच आहे. खरिपाच्या हिरवाईखाली जमिनीचे दोष झाकले जातात. चैत्रात ती उघडी असते. काळ्या रानातील भेगा, फुटलेला बांध, खाली गेलेले विहिरीचे पाणी, वरची माती वाहून गेल्याने उघडा पडलेला मुरूम, हे सारे या दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसते. आणि ते पाहावयास आलेला मनुष्य नुसता पाहुणा नसतो. पुष्कळदा त्याचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर असते. महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आले. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ च्या कायदेदुरुस्तीने देशभर मिळाला. वाटणी, विक्री, नवी विहीर किंवा बांधबंदिस्तीचा खर्च यांवर ज्यांची संमती लागते, त्यांपैकी कित्येकांना जमीन केवळ कागदावरून ठाऊक असते. मग शेत कसणाऱ्या भावाचे म्हणणे त्यांना पटावे तरी कसे?

शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आखले. पैसे देणाऱ्या पाहुण्याला शेत कसे दाखवावे, याचा विचार तेव्हापासून अधिक होऊ लागला आहे. घरच्या पाहुण्याला मात्र खाटेवर बसवून चहा दिला जातो! त्यात घरच्या लक्ष्मीचे हाल कोणी ध्यानात घेत नाही. सकाळी काढणी, दुपारी दहा माणसांचा स्वयंपाक, रात्री पुन्हा भांडी. आलेल्या पुरुषांनी पाणी भरावे, बायकांनी चुलीचा भार वाटून घ्यावा. तिला सुगीत सासुरवास आणि इतरांना वनभोजन, हा न्याय नव्हे.

गावच्या कृषी कार्यकर्त्याने या दिवसांत अशा घरी अवश्य डोकावावे. रब्बीचे पीक निघाले आहे आणि खत अजून पडलेले नाही, हीच माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची वेळ. हे काम शहरातील मुलांकडूनही आनंदाने होते. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याजवळची जागा वगळून शेतात नागमोडी चालावे. आठ-दहा ठिकाणी सुमारे वीतभर खोल, पाचरीच्या आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावी. सर्व माती एकत्र कालवून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. ओली असल्यास ती सावलीत वाळवावी. पिशवीत घालावयाच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, तारीख, मागील पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहावे. मागील पीक कोणते, हे पाहुण्याला घरात विचारावे लागते. पुढचे कोणते, यावर रात्री अंगणात बोलणे निघते, आणि त्या बोलण्यात शहरातला भाऊ प्रथमच बियाण्याचा भाव विचारतो.