बालशिक्षण सीमेवर का थांबते?

हौजखासमधील ‘निपसिड’ या संस्थेस २०२५ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. राजधानीतील मराठी माणसाला याचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाची दिशा ठरविण्यात या संस्थेचा मोठा वाटा असतो. मात्र जुन्या नावातील ‘जनसहयोग’ हा शब्द नामांतरात गळाला. त्याबद्दल तक्रार नाही. पण राज्याराज्यांतील सहयोगाच्या रूपाने तो कामकाजात परतावा, ही अपेक्षा मात्र आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सेविका त्याच गावची असावी, हे योजनेचे सूत्र योग्यच आहे. परंतु मुले एका गावी राहत नाहीत. नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. सेविका गावातच राहते, मूल मात्र राज्य बदलते. पोषण ट्रॅकरवर त्याची नोंद दुसरीकडे वर्ग करण्याची सोय झाली आहे. त्यामुळे आहाराचा प्रश्न सुटू शकेल. पण घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तेथील सेविकेने कोणत्या भाषेत गोष्ट सांगावी, याचे उत्तर या नोंदीत नाही.

वास्तविक या क्षेत्राची परंपराच सहकार्याची आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासोबत ताराबाई मोडक या मराठी विदुषीने काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डीत आल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासींच्या अंगणातच शाळा नेली. अंगणवाडीची कल्पना अशी आकारास आली. गुजराती अनुभवाचे मराठी भूमीत रोपण झाले, तेव्हा कोणत्याही सरकारी आदेशाची गरज पडली नव्हती.

आज आदेश आहेत, सहकार्य नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. प्रत्यक्षात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रमात सेविकेच्या वाट्याला आले ते तीन दिवसांचे प्रशिक्षण. ही दरी भरून काढण्यास एकेका राज्याची ताकद अपुरी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने निर्माण झालेल्या पश्चिम क्षेत्रीय परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि शेजारचा केंद्रशासित प्रदेश एकत्र बसतात. मुलांचे कुपोषण आणि शाळागळती हे विषय क्षेत्रीय परिषदांपुढे येतच असतात. त्यांच्या जोडीला सेविकांचे प्रशिक्षण यावे. सीमावर्ती जिल्ह्यांतील पर्यवेक्षिकांचे संयुक्त वर्ग, भिली-वारलीसारख्या बोलींतील गोष्टी व गाण्यांचा सामाईक संच आणि तोडणीच्या हंगामात कुटुंबांबरोबर जाणारी त्यांच्याच वस्तीतील प्रशिक्षित मदतनीस, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. मध्य प्रदेशाच्या सीमेसाठी याच संस्थेचे इंदूर येथील प्रादेशिक केंद्र हाताशी आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या सेविकेला वेतन नाही, ‘मानधन’ मिळते, तिच्यावर आणखी किती ओझे टाकायचे? केंद्राने २०१८ मध्ये हे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. त्यावरची भर राज्यागणिक बदलते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रातील सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये संपाचा मार्ग धरावा लागला. तेव्हा वाढीव प्रशिक्षणाला वाढीव मोबदल्याची जोड हवीच, आणि तीही याच परिषदेच्या टेबलावर ठरावी. स्वस्तात राबणाऱ्या बाईंचे शेजारच्या राज्याकडे बोट दाखवून समर्थन करण्याची सवय मोडायची, तर शेजाऱ्याला समोर बसवूनच ती मोडेल.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना परिषदांची विषयपत्रिका कशी तयार होते, हे ठाऊक आहे. पुढील बैठकीत हा विषय यावा यासाठी त्यांनी एक टिपण लिहिले, तरी सावित्रीबाईंच्या नावाची पाटी सार्थ होईल.