हजार प्रतींचे मानकरी

ग्लासगोच्या 'बेल अँड सेबॅस्टियन' या बँडचा 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस' हा अल्बम २००३ मध्ये आला आणि चाहत्यांत दोन तट पडले. गाण्यांपेक्षा जास्त खल झाला तो निर्मात्यावर. ट्रेव्हर हॉर्न म्हणजे 'फ्रँकी गोज टू हॉलिवूड'च्या 'रिलॅक्स'ला आणि 'टाटू' या रशियन जोडीला चकाकी देणारा माणूस. दबक्या, किंचित डगमगत्या आवाजासाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडने त्याच्याकडे जावे, हे निष्ठावंतांना भजनी मंडळाने डीजे लावावा तसे वाटले.

या निष्ठेला इतिहास आहे. बँडचा पहिला अल्बम 'टायगरमिल्क' १९९६ मध्ये स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमातून निघाला, तोही फक्त एक हजार एलपींचा. १९९९ मध्ये पुन्हा प्रसिद्ध होईपर्यंत तो कॅसेटवर उतरवून घेऊनच बहुतेकांपर्यंत पोहोचला. त्यामुळे मूळ तबकडी घरात असणे ही मोठी प्रतिष्ठा ठरली. आपण अगदी पहिल्यापासूनचे, असे सांगणारे मात्र हजारांत मावले नसते. १९९९ मध्येच ब्रिट पुरस्कारांत श्रोत्यांच्या मतांवर या बँडने 'स्टेप्स'सारख्या तुफान खपाच्या गटाला मागे टाकून 'नवोदित' हा किताब पटकावला. तोवर नवोदितांचे तीन अल्बम झाले होते! आवडता बँड पुरस्कारापर्यंत पोहोचवायचा आणि तो सर्वांचा झाला की हळहळायचे, अशी ही भक्ती.

२००३ च्या वादात तक्रारदारांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. इझोबेल कॅम्पबेल आदल्या वर्षी बँड सोडून गेली होती आणि तिच्या आवाजाची, चेलोची उणीव भासत होती. काही ठिकाणी वाद्यवृंद गाण्याच्या अंगावर येतो, हेही खरे. पण बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉकचे शब्द इतके स्पष्ट पूर्वी क्वचितच ऐकू आले होते. 'आयॅम अ कूकू'मधली 'थिन लिझी' या रॉक गटाच्या वळणाची गिटार ऐकताना तर हा बँड खुशीत असल्याची शंका येते, आणि जुन्या चाहत्यांना खुपले ते बहुधा हेच. त्यांच्या समाधानासाठी 'पियाझा, न्यूयॉर्क कॅचर' होतेच: एक आवाज, एक गिटार, बाकी काही नाही. हे एक गाणे ऐकले असते, तरी हॉर्नने बँड गिळला हा आरोप मागे घ्यावा लागला असता.

नव्या अल्बमला ज्याच्या मापाने मोजले जात होते, त्या 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'च्या (१९९६) ध्वनिमुद्रणाबद्दल खुद्द मर्डॉकच असमाधानी होता. बँडने २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाजवला आणि ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले.

वादातला 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस' २००४ च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचला. पारितोषिक मिळाले ग्लासगोच्याच 'फ्रान्झ फर्डिनंड'ला, त्यांच्या पहिल्या अल्बमसाठी.