चालू कॉम्प्युटर भंगारात का घालायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट आटतात. विंडोज ११ टाकावं, तर त्याला टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमच्या तीर्थपुरीसारख्या गावात झेरॉक्सवाले, ऑनलाइन फॉर्म भरणारे यांच्याकडं जुन्याच मशिनी. आणि त्यांतच लोकांचे आधार, सातबारा, पासबुक स्कॅन होऊन पडलेले!

काही पोरं अट चुकवून ११ टाकून देतात. चालतंही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही.

मी चौथ्या पिढीचा जुना आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम अन् २४० जीबीची एसएसडी जुळवून घरीच मशीन बांधलं, लिनक्स मिंट २२ टाकलं. २०२९ पर्यंत अपडेट, लायसन्सचा रुपया नाही. युनिकोड मराठी, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, लिब्रेऑफिस, सगळं चालतं. जुन्या फॉन्टमध्ये पेपरचं पान लावायचं तर मात्र विंडोजच लागतं. अंगठा घ्यायच्या यंत्राचा ड्रायव्हरही आधी बघून घ्यावा.

सी-डॅकनं तर २००७ लाच ‘बॉस’ नावाचं आपलं लिनक्स आणलं, त्यात मराठीही आहे. ते शाळेत, सेतू केंद्रात टाकून, शिकवून कोण देणार? नव्या खरेदीचं टेंडर काढण्याआधी जिल्हा प्रशासनानं जुन्या चालू मशिनी एकदा मोजून तरी घ्याव्यात.