साडीचोळीचा आहेर

मित्रमंडळींनी दुपारी हॉटेलात जेवायला जाणे हा गुन्हा नाही. साठी उलटल्यावर जाणे हाही नाही. फार तर पोटावर अन्याय. पण साठी उलटलेला पुरुष साडी नेसून जेवायला गेला, की आमच्या या सुसंस्कृत पुण्यावर आभाळ कोसळते. मी सदुसष्ट वर्षांचा पेन्शनर. मला साडी नेसायला आवडते. का आवडते ते विचारू नका. तुम्हाला कारलं का आवडतं, हे मी कधी विचारलंय?

आम्ही पाचजण महिन्यातून एकदा जमतो. तिघे साडीत, दोघे विजारीत. वेळ मुद्दाम दुपारची. एक तर जेवणानंतरच्या गोळ्या सगळ्यांनाच आहेत. आणि दुसरं म्हणजे भर उन्हात, दीड वाजता, अळूचं फदफदं मागवून कुणी पापाचरण करीत नाही. तरी गल्ल्यावरचे मालक आमच्यासाठी नेमकं खांबामागचं, मोरीजवळचं टेबल शोधून काढतात. वेटर बिचारा सज्जन. ‘काका’ म्हणावं की ‘मावशी’, या पेचात तो नुसतंच ‘पाणी साधं?’ एवढं विचारतो. त्याच्याशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते शेजारच्या टेबलावरून ऐकू येणाऱ्या ‘आपली संस्कृती!’ या उसाशाशी.

अहो, कुठली संस्कृती? देवदानवांच्या पंगतीत अमृत वाढायला साक्षात विष्णू मोहिनी होऊन आला. नेवाशाला त्या मोहिनीराजापुढे आपण हात जोडतोच ना? नारायणराव राजहंसांचं नेसणं पाहून घरंदाज बायकांनी आपलं नेसणं सुधारलं म्हणतात. त्या बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं आणि पुण्याने १९६८ साली उघडलेल्या रंगमंदिराला त्यांचंच नाव दिलं. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, शेवटी सापडली कुठे? हॉटेलात! अण्णा साळुंके तिथे नोकरीला होते. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये या गृहस्थांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे हॉटेलातून तारामती बाहेर पडली तेव्हा संस्कृती तरली, आणि आम्ही आत शिरलो की ती बुडते!

यावर उत्तर तयार असतं : ‘ते कलेसाठी होतं.’ म्हणजे तिकीट काढून पाहिलं की कला, आणि फुकट दिसलं की किळस. ‘आणि या वयात?’ बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही शालू नेसून रंगभूमीवर येत होते. त्यांना कुणी खांबामागे उभं केल्याचं ऐकिवात नाही.

खरी मेख निराळीच आहे. कर्तबगार लेकीचं कौतुक करताना बाप म्हणतो, ‘ही माझी मुलगी नाही, मुलगा आहे!’ मुलाला ‘ही माझी मुलगी’ म्हणून बघा. तो घर सोडून जाईल. कामचुकार अधिकाऱ्याची अब्रू काढायची तर मोर्चा त्याला साडीचोळीचा आणि बांगड्यांचा आहेर करतो, आणि गंमत म्हणजे त्या मोर्चात बायकाच पुढे असतात! ज्या वस्त्रात आपली आई जन्मभर राबली, त्याचीच आपण शिवी करून ठेवली. माझ्या साडीचा राग कुणालाच नाही. बाईसारखं दिसणं म्हणजे पायरी उतरणं, असा पक्का समज आहे. आणि कुणी ती पायरी हसतमुखानं, निऱ्या सावरत उतरला, की तो समजच डळमळतो. तो आहेर मी स्वखर्चानं घेतला, पावतीसकट. अब्रू जागेवर आहे.

आमच्या घरच्या मंडळींचा आक्षेप एवढाच, की इरकल नेसून आमटी ओरपू नये. हा मला मान्य आहे, कारण त्यात विचार आहे.

आमच्यातले एकजण चाळीस वर्षं दाराला कडी लावून साडी नेसले. चारचौघांत बसून एकदा जेवावं, एवढीच त्यांची इच्छा. दरवेळी ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणायचे. गेल्या वर्षी गेले, न जेवताच. त्यांना कुणी कधी अडवलं नव्हतं. लोक बघतील, ही धास्तीच पुरेशी होती.

म्हणून आम्ही जात राहणार, आणि खांबामागे बसणार नाही. टाळ्या नकोत, सत्कार नको. खिडकीजवळचं टेबल द्या, बघायचं तर एकदा नीट बघून घ्या आणि आपल्या ताटाकडे वळा. फक्त आमटी वाढताना हात जरा जपून. पदर इरकलीचा आहे.